म्हातारी घेऊन येणे

चिठ्ठीत शब्द वाया घालवायचे नाहीत, ही माझी जुनी खोड. एकदा ती मलाच भोवली, आणि त्यामुळेच मला उशीआजी भेटल्या.

मी सातवीला विज्ञान शिकवत होते. वारा झाडांच्या बिया कशा पसरवतो, हा धडा. दुसऱ्या दिवशी प्रयोग होता, म्हणून प्रत्येकाला सावरीच्या झाडाखालून हवेत तरंगणारा तो पांढरा पुंजका, म्हणजे आपण जिला म्हातारी म्हणतो ती, आणायला सांगितली होती. एक मुलगी त्या दिवशी गैरहजर. तिच्या शेजारी राहणाऱ्या मुलीबरोबर मी तिला चिठ्ठी धाडली : 'उद्या शाळेत म्हातारी घेऊन येणे. सबब चालणार नाही.' खाली सही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला ती मुलगी दारात उभी, आणि तिचा हात धरून एक खरीखुरी म्हातारी. घडीचे कपडे, चापून बसवलेले केस, चपला काढून हातात घेतलेल्या. "आणली, बाई," मुलगी म्हणाली.

वर्गाला काय, निमित्तच हवं असतं. चाळीस पोरं पोट धरधरून हसली. मलाही हसू फुटणार होतं, पण आजी सरळ माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, माझ्या नातीचं नाव शाळेतून काढू नका. काल मला ताप होता म्हणून घरी राहिली ती. तिला आईबाप नाहीत. माझा थोरला म्हणतो, आई, तुझं वय झालं, तुला आता काही कळत नाही, पोरीला मी माझ्या गावी घेऊन जातो. शाळेतून तक्रार आली म्हटल्यावर नेईलच हो तो."

चार शब्द वाचवायला गेले आणि एका माणसाची झोप उडवून बसले. लाज वाटली मला.

"तक्रार कसली, आजी? तुम्हालाच बोलावलं होतं, प्रयोगाला," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. थाप तर मारली, पण निभवायची कशी ते मला ठाऊक नव्हतं.

टेबलावर पंखा होता आणि फरशीवर अर्ध्या अर्ध्या मीटरवर खडूच्या रेघा. मुलांनी म्हाताऱ्या आणल्या होत्या खऱ्या, पण डब्यांत कोंबून आणि घामट मुठीत धरून. पंख्यासमोर सोडल्या की गोळा होऊन पहिल्याच रेघेवर लोळण घ्यायच्या. तीनदा केलं, तीनदा तेच. मी आधी पंख्यावर चिडले, मग मुलांवर.

मागच्या बाकावर बसवलेल्या आजी उठल्या. "बंद करा ते धूड. आधी पिंजायला नको का?"

तेव्हा कळलं, की आजींनी एकावन्न वर्षं गादीवाल्याकडे सावरीच्या कापसाच्या उशा भरल्या होत्या. दारं-खिडक्या लावून, तोंडाला फडकं बांधून. पंखा नाहीच, शिंक आली तरी दाबायची, नाहीतर सकाळचं सगळं काम छताला. चौदाव्या वर्षी त्या कामाला बसल्या आणि नवरा गेला तेव्हाचे चार दिवस सोडले तर उठल्या नाहीत. सगळं गाव त्यांच्या उशांवर झोपलं. त्यांना स्वतःला मात्र उशीने ठसका लागे, म्हणून त्या हातावर डोकं ठेवून झोपत.

त्यांनी एकेक म्हातारी दोन बोटांत धरून नखाने हलकेच मोकळी केली. मग पंखा अगदी हळू लावायला सांगितला आणि बोटं उघडली. म्हातारी शेवटची रेघ ओलांडून फळ्यावर गेली. पोरांनी टाळ्या पिटल्या, मी टेप घेऊन धावले.

"तिथे काय मोजता, बाई? तो नुसता कापूस," आजी म्हणाल्या. "सावरीचं बी काय चिकटलेलं नसतं, नुसतं आत बसलेलं असतं. ते वाटेत गळतं. आमच्या दुकानात झाडू मारला की बियाच बिया."

आठ वर्षं मी कापूस मोजत होते! बी कुठे पडलं ते पाहिलंच नव्हतं. नात फरशीवर रांगत गेली आणि तिसऱ्या रेघेजवळ मिऱ्याएवढं काळं बी तिला सापडलं. ते उंच धरून ती म्हणाली, "माझ्या आजीनं सांगितलं तसंच झालं!" या वेळी कुणीही हसलं नाही.

निघताना आजी म्हणाल्या, "बाई, एवढं कागदावर लिहून द्या. थोरल्याला वाचता येतं." मी दोन पानं भरून लिहिलं. शेवटी लिहिलं, की तुमच्या आईंना काय कळतं ते आज चाळीस मुलांनी आणि मी पाहिलं; मुलीला त्यांच्यापासून तोडू नका.

आठवड्याने तो थोरला शाळेत हजर. हातात माझं पत्र. मी भांडायला कंबर कसली.

"हे खरं आहे?"

"शब्दन् शब्द."

त्याने पत्राची नीट घडी घातली. "लहानपणी आई कामावरून आली की तिच्या केसांत कापूस असायचा," तो म्हणाला. "रस्त्यात दिसली की मी गल्ली बदलायचो, बाई." मग पत्र खिशात ठेवत म्हणाला, "पोरगी राहू दे तिच्याजवळ. आई पुन्हा कधी शिकवणार आहे?"

"येत्या गुरुवारी," मी ठोकून दिलं.

गुरुवारी तो आला. मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसला आणि तास संपेपर्यंत आईकडे बघत राहिला.