धम्मरत्नचा कोयंडा

चाकणच्या कंपनीत धम्मरत्न गाड्यांच्या डॅशबोर्डची डिझाइनं करायचा. रहाटणीत मात्र मिक्सरचं बटण, कुकरची मूठ, फ्रिजचा कप्पा, जे मोडेल ते लोक त्याच्याकडं आणत. घरात त्याचा स्वतःचा थ्रीडी प्रिंटर होता. बायको नेहा त्याला ‘सवत’ म्हणायची.

शेजारची कस्तुरा एकदा रुमालात चार तुकडे घेऊन आली. तिच्या बाथरूमच्या दाराचा प्लास्टिकचा कोयंडा होता तो.

"दुसरा मिळत न्हाई हो दादा. स्टीलचा बसवला, तर पोकळ चौकटीत स्क्रूच धरंनात."

कसा मोडला, हे त्यानं विचारलं नाही. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. तिचा नवरा ज्योतीराम दुपारीच पिऊन बसायचा, मग हात चालवायचा. ती बाथरूममध्ये शिरून कडी लावायची. मजल्यावरचे सगळे टीव्हीचा आवाज वाढवायचे, धम्मरत्नसुद्धा.

त्यानं तुकडे जोडले, कंपनीत नेऊन स्कॅन केले आणि हुबेहूब कोयंडा बनवला. प्लास्टिक वाचावं म्हणून उभा छापला. चौकटीत असा चपखल बसला की गडी स्वतःवरच खूश.

पुढच्या गुरुवारी भिंतीपलीकडून दोन लाथा ऐकू आल्या आणि एक ‘कट’. मग कस्तुराची किंकाळी.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा भुवईवर सहा टाके होते, ओठ फाटलेला.

"मापाला अगदी बरोबर होता हं दादा," ती म्हणाली.

तिनं आणलेले तुकडे त्यानं उजेडात धरले. कोयंडा छपाईच्या थरांच्या रेषेवर सरळ चिरला होता. उभं छापलं की आडवा मार सोसत नाही, हे कंपनीत तो नव्या पोरांना शिकवायचा. त्यानं कोयंड्याची नक्कल केली होती. लाथेचा हिशेब धरलाच नव्हता.

मग त्यानं मूळचा आकार सोडून दिला. नव्या कोयंड्याची भिंत दुप्पट जाड, कोपरे गोल, पाठीला आधाराच्या पट्ट्या, नायलॉनमध्ये, आडवा छापलेला. आधी स्वतःच्या बाथरूमला बसवला आणि लाथा घातल्या.

"अहो, पाय मोडाल!" नेहा ओरडली.

"त्याचा मोडू दे," म्हणत त्यानं अजून दोन घातल्या. पाय भोपळ्यासारखा सुजला, कोयंडा जागचा हलला नाही. मग तोच कस्तुराच्या दाराला बसवला.

गुरुवार आला. लाथा सुरू झाल्या. तो भिंतीला कान लावून मोजत होता. सात. आठ. कोयंडा टिकला! त्याला हसू फुटलं, तेवढ्यात धाडकन आवाज झाला. ज्योतीरामनं वरवंटा उचलला होता. आता दारच फुटणार होतं.

"टेस्टिंग झालं का तुमचं?" नेहा फोनवर ११२ लावत किंचाळली.

धम्मरत्न लंगडत शेजारच्या घरात धावला. पहिला वरवंटा त्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचं त्याला ऐकू आलं. दुसरा यायच्या आत त्यानं ज्योतीरामच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला आणि तोंडात रक्त आलं तरी सोडला नाही. नेहानं मागून स्टूल हाणलं. टीव्ही बंद करून बाकीचे आले, ते ज्योतीरामच्या छातीवर बसायला.

पोलिसांनी ज्योतीरामला जिन्यावरून खाली नेलं, तरी कस्तुरा दार उघडेना. "गाडी गेली का सांगा आधी," ती आतून म्हणाली. गेल्यावरच कडी निघाली.

तिनं लोंबत्या हाताचा धम्मरत्न पाहिला, फुटलेलं दार पाहिलं, आणि कोयंडा दोनदा ओढून बघितला.

"आता बाहेरच्या दाराला करा दादा, असाच," ती म्हणाली. "तो सुटून यायच्या आत."