आरशाचं कुंकू

"सर, परत न्हाई कापलं!"

सुनंदाताईंनी ॲक्रिलिकची पट्टी माझ्यापुढे धरली. तिच्यावर नुसती रेघ उमटली होती. नवी ट्यूब बसवून मला दहा मिनिटंही झाली नव्हती.

मी लेसर कटिंग मशिनचा सर्व्हिस इंजिनिअर. ताईंचं नारायणगावात ट्रॉफी आणि नेमप्लेटचं दुकान. दुसऱ्या दिवशी बैलगाडा शर्यतीची चाळीस सन्मानचिन्हं द्यायची होती. त्यांची पहिली मोठी ऑर्डर. हुकली तर यात्रा कमिटी पुढच्या वर्षी पुण्याला जाणार, हे त्या मला चौथ्यांदा सांगत होत्या.

ट्यूब थंड ठेवणारं पाणी बघितलं, स्वच्छ. पॉवर सप्लाय ओके. लेन्स पुसली. तरी तेच. एवढी वर्षं याच धंद्यात काढली आणि डोकं पार बधिर झालं, राव!

या मशिनमध्ये कार्बन डायऑक्साइड वायूच्या ट्यूबमधून किरण निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही. तीन आरशांवरून वळत लेन्सपर्यंत येतो आणि तिथे कापतो. मग अडलंय कुठं, ते कळायचं कसं? प्रत्येक आरशानंतर कागदी टेप लावायची, फायर द्यायचा, म्हणजे क्षणभर किरण सोडायचा, आणि डाग बघायचा. हे मी सगळ्यात आधी करायला हवं होतं. पण ट्यूबच गेली, असं मी फोनवरच ठरवून मोकळा झालो होतो.

पहिल्या आरशानंतर टेप भसकन जळाली. दुसऱ्यानंतर जेमतेम पिवळी पडली. या दुसऱ्या आरशाचं तोंड मागच्या बाजूला असतं. मान वाकडी करून टॉर्च मारला. मधोमध काहीतरी तांबडं-काळं करपलेलं.

"ताई, हे काय?"

"पाडव्याला पूजा केली न्हाई का! हळदी-कुकू लावलं."

"आरशाला?"

"तुमीच म्हनला व्हता, आरसा म्हंजी मशिनचा देव, त्याला जपा. मंग देवाला तसाच ठिवायचा व्हय?"

मशिन बसवताना मी अगदी हेच म्हणालो होतो.

नशीब, आरसा धातूचा होता, घासता आला. कापूस आणि स्पिरिट घेऊन अर्धा तास बसलो. फायर दिला. पट्टी खट्कन तुटून खाली पडली. "अगं बाई!" म्हणत ताईंनी पदर डोळ्यांना लावला. मलाही हायसं वाटलं. सन्मानचिन्हं वेळेत शर्यतीच्या घाटात पोचली.

आता मी आरशाला आरसाच म्हणतो. मध्ये एका ठिकाणी "हा मशिनचा डोळा" असं तोंडातून निघणारच होतं. जीभ चावली. कुणी काजळ घातलं म्हणजे?