डावीकडची सीट

"आबा आले की बघू."

हे वाक्य माझ्या शेजाऱ्याच्या तोंडून ज्यानं ऐकलं नाही असा माणूस आमच्या न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या अपार्टमेंट्समध्ये त्या काळी शोधून सापडला नसता. भाऊजी, कार्पेट किती मळलंय, बदला की. आबा आले की बघू. भाऊजी, न्यू ब्रन्सविकला एक छान मुलगी आलीय, डॉक्टर आहे, भेटता का? आबा आले की बघू. एकदा दाढ ठणकत होती, गाल सुजून पुरीसारखा टम्म, डोळ्यांत पाणी, आणि तरी तेच. मग मात्र मी ओरडले, "आबा काय पक्कड घेऊन येणार आहेत का?" तेव्हा गेला एकदाचा डेंटिस्टकडे.

समोर मी त्याला अहोजाहो करायचे. पण होता माझ्याहून लहान, आणि आठवणीत कुणाला अहोजाहो करायचं मला जमत नाही.

तुमच्यापैकी कुणी ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीत राहिलं असेल, तर तुम्हीही त्याला टोलनाक्यावर पाहिलं असणार. पांढरी, चौकोनी, पत्र्याच्या डब्यासारखी जीप यायची. टोलचं नाणं टाकायची टोपली डाव्या हाताला, कारण इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो. याच्या जीपचं स्टिअरिंग उजवीकडे. मग हा उतरणार, पुढून वळसा घालून टोपलीत नाणं टाकणार आणि हिरवा दिवा लागला की धावत परत. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. ज्या डाव्या सीटवरून कुणालाही ते नाणं बसल्या बसल्या टाकता आलं असतं, ती सीट रिकामी.

जीप होती टपाल खात्याची. इथले पोस्टमन गाडीतून न उतरता रस्त्याकडेच्या पेट्यांत पत्रं टाकत जातात, म्हणून त्यांचं स्टिअरिंग आपल्या देशातल्यासारखं उजवीकडे. गाड्या जुन्या झाल्या की खातं त्या विकून टाकायचं. आम्ही सगळे तेव्हा छोट्या जपानी गाड्यांच्या मागे लागलो होतो. पेट्रोल कमी खाते, फोटोत बरी दिसते, तो घरच्यांना पाठवता येतो. आणि हा टेलिफोनच्या कंपनीतला इंजिनिअर, घेतली काय, तर पोस्टानं मोडीत काढलेली जीप! मराठी मंडळात हसून हसून लोकांची पोटं दुखली. आमचे हे म्हणाले, "पुढच्या वर्षी हा कचऱ्याची गाडी घेणार बघ." मुलांनी तर त्याचं नाव टपालकाका ठेवूनच टाकलं.

त्या जीपमध्ये डावीकडे मुळात सीटच नव्हती. पोस्टमनचा पत्रांचा ट्रे होता. त्यानं तो उपटला, भंगारवाल्याकडून दुसऱ्या एका जुन्या जीपची सीट आणली आणि कितीतरी शनिवार पार्किंगमध्ये पालथा पडून ती ठोकून बसवली. मॅनेजर येऊन ओरडून गेला, याच्या कपाळावर आठी नाही. सीट बसली, मग तिच्यावर पांढराशुभ्र टर्किश टॉवेल. आपल्याकडे साहेबाच्या गाडीत असतो ना, तस्सा. दर आठवड्याला लाँड्रीत धुऊन परत घालायचा.

आणि तिथे कुणी म्हणजे कुणी बसायचं नाही. एकदा माझी गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून एडिसनहून किराणा आणायला मी त्याच्याबरोबर गेले. मी आपली ऐटीत पुढे निघाले, तर हा हात जोडून उभा. "वहिनी, मागे बसाल का?" मागे नुसता पत्रा! मी, पाच वार साडी नेसलेली बाई, तांदळाच्या पोत्यावर बसून, बटाट्यांच्या पिशव्या कुशीत घेऊन घरी आले. प्रत्येक खड्ड्याला त्याचा उद्धार केला.

"अहो, कोण येऊन बसणार आहे तिथे? राष्ट्राध्यक्ष?"

"आबा," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं.

आबा, म्हणजे त्याचे वडील, पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर होते. नगर जिल्ह्यात कालव्यांची कामं चालली होती, तेव्हा मोठ्या साहेबांची जीप ते चालवायचे. साहेब पुढे डावीकडे, आबा उजवीकडे. सरकारी गाडीत घरच्या माणसानं बसायचं नाही, हा नियम. बाकीचे ड्रायव्हर बायकापोरांना बाजाराला नेत, आणत. आबांनी कधी नाही. याची शाळा दोन गावं पलीकडे. हा परीक्षेला पायी चाललेला, मागून जीप आली. आबा एकटेच होते, साहेबांना आणायला निघालेले, शेजारची जागा मोकळी.

"थांबले?" मी विचारलं.

"नाही. पण माझ्या अंगावर धूळ उडू नये म्हणून हळू केली. मला ओलांडून बरंच पुढे जाईपर्यंत हळूच चालवली."

त्यात तक्रार नव्हती. उलट अभिमानानंच सांगत होता. म्हणाला, "नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांना बसवून फिरवलं. एकदा त्यांना त्या सीटवर बसवायचंय, वहिनी. मी चालवणार, आबा साहेबाच्या जागेवर. इथल्या साध्या गाडीत ते जमत नाही. साहेबाच्या जागेवर इथे स्टिअरिंग असतं." यासाठी ही पोस्टाची जीप. आता बोला! मी नंतर मंडळात त्या जीपला कुणाला हसू दिलं नाही.

जीपचा विषय काढायची खोटी, की त्याची गाडी सुटायची. ती दुसऱ्या महायुद्धात कशी जन्माला आली. सैन्याला चिखलातून, डोंगरातून, कुठूनही जाणारी हलकी गाडी हवी होती आणि ती कशी घाईघाईत उभी केली. लढाई संपल्यावर तिला शेतकऱ्याच्या दारात कशी नेली, की ही नांगरही ओढेल आणि रविवारी चर्चलाही नेईल. लढाईतल्या उरलेल्या गाड्या आपल्याकडे 'डिस्पोजलच्या जीपा' म्हणून कशा विकल्या गेल्या. मग मुंबईत त्या जोडायला लागले आणि तालुक्याच्या गावाला सरकार दिसलं ते जीपच्या रूपात. "जीप आली की कोंबड्या आणि तलाठी, दोघंही पळायचे," तो म्हणायचा आणि स्वतःच खो खो हसायचा. आमचे हे पेंगायला लागत. पण मला ऐकायला आवडायचं, कारण त्या सगळ्या इतिहासात आबा कुठेतरी बसलेलेच असत.

दशक संपत आलं तेव्हा जीप बनवणारी कंपनी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली. पेपरात बातमी आली आणि हा संध्याकाळी आमच्या दारात हजर, चेहरा पडलेला. मला वाटलं, घरून काही वाईट बातमी आली.

"आडनाव बदललं हो वहिनी पुन्हा तिचं."

"कुणाचं?"

"जीपचं. कितव्यांदा देतायत या पोरीला!" मग चहा घेतल्यावर स्वतःच स्वतःची समजूत घातली, "असू दे. आडनाव बदललं तरी मुलगी तीच."

रस्त्यात दुसरी कुठलीही जीप दिसली की तिच्यातला माणूस याला हात करायचा आणि हा त्याला. मला वाटायचं, केवढ्या ओळखी आहेत याच्या! मी विचारलं, "कोण हो हा?" तर म्हणतो, "काय माहीत. जीप आहे ना त्याच्याकडे." जीपवाल्यांची इथे तशी रीतच आहे. पण या माणसाच्या घरी मी सोडून कुणी फारसं जात नव्हतं, आणि त्या अनोळखी हातांनी तो दिवसभर खूश असायचा. पलीकडच्या गल्लीतली एक म्हातारी तर त्याला पोस्टमन समजून थांबवायची आणि पत्रं हातात द्यायची. त्यानं तिला कधी सांगितलं नाही. निमूट पोस्टात नेऊन टाकायचा.

आबा मात्र येत नव्हते. तिकीट पाठवतो म्हटलं की आज काय पाऊस लागलाय, उद्या काय शेजारच्याच्या मुलीचं लग्न. त्यांच्या घरी फोन नव्हता. हा गावातल्या किराणा दुकानात फोन लावायचा, दुकानदार पोऱ्याला पिटाळायचा, मग आबा येऊन ओरडून बोलायचे. खरं कारण त्यांनी एकदा सांगून टाकलं. "दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत मला मळमळतं. तिथं येऊन मी काय करू?"

एका रविवारी मी याच्याकडे थालीपीठं घेऊन गेले, तर हा फोनवर. "बरं आबा, राहू दे आबा," चाललेलं. माझं डोकंच फिरलं. फोन हिसकावून घेतला.

"आबा, मी शेजारची बोलतेय. तुमचा मुलगा तुम्ही आल्याशिवाय लग्न करत नाही, कार्पेट बदलत नाही, दाढसुद्धा काढत नाही. पुढची सीट रिकामी ठेवून मला बटाट्यांवर बसवतो! तुम्ही येताय की मी येऊ तिकडे तुम्हाला घ्यायला?"

मग आबांचा आवाज आला, "कुठली सीट?"

मी सांगितलं. उजवीकडे स्टिअरिंग आहे, डावीकडे तुमच्यासाठी सीट बसवलीय, टॉवेल घातलाय.

"उजवीकडं? तिथं?" आबा म्हणाले. "येतो."

तुम्हाला वाटेल, आबा आले आणि सगळं मार्गी लागलं. तसं काही होत नाही हो. आबा एकदाच आले, उन्हाळ्यापुरते. परत गेले ते थकूनच, आणि पुढच्या थंडीत वारले. हा दिवसकार्याला म्हणून गेला तो तिकडेच राहिला. आईला एकटं कसं सोडणार? सुरुवातीला पत्रं यायची, मग विरळ झाली, मग नाहीच. लग्न केलं की नाही, तेही मला ठाऊक नाही. त्याच्या पार्किंगच्या जागेवर आता कुणाची तरी मोठी व्हॅन असते. खोटं कशाला बोलू, मला तो फार आठवतो. सख्खा दीर असता तर इतका आठवला नसता.

पण आबा आल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मी पाहिलीय. ती माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

रविवार होता. चहाचा कप घेऊन मी खाली आले. जीप धुऊन चकचकीत. आबा बुटके, काटक, पांढरा पायजमा, टोपी, आणि मुलानं जबरदस्तीनं घालायला लावलेला स्वेटर. जीपभोवती एक चक्कर मारली, टायर दाबून पाहिले, बॉनेटवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले. इकडे यानं डावीकडचं दार सरकवून उघडलं.

"आबा, बसा."

आबांनी वाकून सीट पाहिली.

"ही तू बसवलीस?"

"हो."

"पक्की बसवलीस." आणि मग वळसा घालून सरळ उजवीकडे गेले, दार सरकवलं आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसले.

"आबा, तिकडे नाही! तुमची सीट इकडे!"

"किल्ली दे."

"आबा, इथलं लायसन लागतं, पोलीस..."

"रस्त्यावर कुठं नेतोय? इथल्या इथं." हात पुढेच होता. यानं माझ्याकडे पाहिलं. रडवेला झाला होता बिचारा. इतकी वर्षं मनात जपलेलं चित्र, आणि आबांनी बसल्या जागी पुसून टाकलेलं. मी म्हटलं, द्या हो किल्ली.

आबांनी गाडी सुरू केली. डावा पाय खाली चाचपडायला लागला.

"क्लच कुठाय?"

"नाहीये आबा. ऑटोमॅटिक आहे."

"मग ड्रायव्हरनं करायचं काय?" आबा पुटपुटले. मग दाराशी तशाच उभ्या राहिलेल्या मुलाकडे पाहून म्हणाले, "बस."

"मी?"

"मग कोण? नोकरीभर परक्याला बसवलं. कुणाकुणाला बसवलं, मोजदाद नाही. घरचं पोर पायी चाललेलं बघत पुढं गेलो. माझं तेवढंच राह्यलंय. बस लवकर."

तो बसला. अंग चोरून, कडेला, हात मांडीवर ठेवून. आबांनी मान वळवून मागे पाहिलं, आरशात पाहिलं आणि जीप हलवली. पार्किंगच्या टोकापर्यंत, कचऱ्याच्या पेट्यांना वळसा, झाडाखालून परत. इतकी हळू की बाजूनं चालणारी मुलं पुढे जात होती. आमचे हे गॅलरीतून बघत होते. मी रडत होते आणि चहा गार होत होता. आबांनी जीप जिथून काढली होती तिथेच आणून उभी केली, बरोबर दोन रेघांच्या मध्ये. हँडब्रेक ओढला आणि दार सरकवायला हात लावला.

हा उतरेना. चाळिशीला आलेला माणूस, डोक्यावरचे केस विरळ झालेले, समोरच्या काचेतून सरळ पुढे बघत बसलेला.

"आबा," तो म्हणाला, "अजून एक चक्कर."

आबांनी टोपी नीट केली आणि हँडब्रेक खाली सोडला.