सव्वीस कांबळी आणि दिवालीबाईचा बांध

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याहून बैलगाडीने निघालं तर उन्हं डोक्यावर येईपर्यंत पोचता येईल अशा एका पाड्यात दिवालीबाई राहायची. तिचं वावर दगडाचं, उताराचं. लग्न होऊन आली तेव्हा तर ते वावर म्हणायच्याही लायकीचं नव्हतं. नवरा धना आणि ती, दोघांनी दहा-बारा वर्षं दगड वेचून खालच्या अंगाला बांध घातला आणि वरून वाहून येणारी माती अडवली. तिथे हातभर माती साठली तेव्हा कुठे तूर आणि ज्वारी नीट यायला लागली. मग धना साप चावून गेला. दिवालीबाईने बांध मात्र पडू दिला नाही. दर उन्हाळ्यात ती एकटी जाऊन सुटलेले दगड बसवायची.

सत्त्याऐंशीच्या भादव्यात एवढा पाऊस झाला की बांध मधोमध फुटला. जवळजवळ अर्धा वाहून गेला. तूर गेली, तुरीखालची मातीही गेली. वरच्या तुकड्यातली ज्वारी तेवढी घरात आली. आता मृगाच्या आत बांध उभा राहिला नाही तर उरलेली मातीही जाणार आणि खाली नुसता खडक राहणार, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. आणि हे काम एकट्या बाईच्या हातचं नव्हतं. त्याला लाह लागणार होती.

लाह म्हणजे काय, ते पाड्यावर शेंबडं पोरही सांगेल. ज्याचं काम अडलं त्याने घरोघर जाऊन दिवस सांगायचा. त्या दिवशी प्रत्येक घरातून एक माणूस येतो आणि दिवसभर राबतो. मजुरी नाही. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून जेवायचं, आणि उद्या त्यांचं काम अडलं की आपण जायचं. फक्त एक कायदा पक्का: जो जेवत नाही त्याने कामाला हात लावायचा नाही. फुकट राबून गेला तर तो उपकार झाला. उपकाराची परतफेड कशी आणि कधी करायची ते कोणालाच कळत नाही, आणि त्यातून भांडणं होतात. त्यापेक्षा जेवण बरं. जेवलं की हिशेब तिथल्या तिथे मिटतो.

जेवणासाठी दिवालीबाईने एक बोकड राखून ठेवला होता, चांगला भरलेला. बाजारात दोनदा गिऱ्हाईक येऊन गेलं, तिने दिला नाही.

आणि इथेच मधे कांबळीवाले आले.

त्यांच्या संस्थेला मोठंथोरलं नाव होतं, पण पाड्यावर ते कोणाच्या तोंडात बसलं नाही. पौषातल्या कडाक्याच्या थंडीत जळगावहून त्यांची जीप आली. शाळेच्या भिंतीवर त्यांनी चित्रं टांगली. एका चित्रात बकरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. दिवालीबाईचा जन्म बकऱ्यांमागे गेला होता. ओरडणारी, हट्टी, चोरटी, अशी सगळ्या जातीची बकरी तिने पाहिली होती, रडणारी काही पाहिली नव्हती. भाषण झालं. मग प्रत्येकाने ओंजळीत पाणी घ्यायचं, आजपासून मांस खाणार नाही असं म्हणायचं, पाणी जमिनीवर सोडायचं आणि एक जाड लोकरी कांबळं घेऊन जायचं.

सव्वीस घरांनी पाणी सोडलं. त्यांना हसू नये. घरात म्हातारी माणसं कुडकुडत होती, आणि मांस तरी वर्षातून कितीदा शिजायचं? चार-पाच वेळा. तेवढं सोडलं तर काय बिघडलं, असा सरळ विचार त्यांनी केला. लाह कोणाच्या डोक्यात आली नाही, कारण पौषात लाह नसते. दिवालीबाई मागे उभी राहून पाहत होती. तिने पाणी सोडलं नाही, कांबळंही घेतलं नाही. तिच्या मनात तेव्हा काही मोठा विचार होता असं नाही. तिला ते चित्र खोटं वाटलं, एवढंच.

चैत्र सरत आला तशी ती लाहेचा दिवस सांगायला निघाली. पहिलंच घर दिराचं, वेस्ताचं. आखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचा, चौथा दिवस, असं तिने सांगितलं. वेस्ता खाली बघून बिडीचं पान चुरगाळत बसला.

"वहिनी, आमी तं पानी सोडी बसनूत," तो म्हणाला. "तुना बोकड आमले चालाव नही."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी बाई आतूनच म्हणाली की घरधनी नाही. दिवालीबाईला तो दिसत होता, दाराआड.

पाण्याची शपथ पाड्यावर हसण्यावारी नेत नाहीत. बांधाची भांडणं, बैल कोणाचा, पोर कोणाचं, सगळे वाद तिथे ओंजळभर पाण्यावर मिटलेले असतात. ती शपथ मोडली की उद्यापासून कोणाच्या शब्दाला किंमत राहणार नाही, हे लहानथोर सगळे जाणतात. कांबळीवाल्यांनी नेमकी तीच शपथ वापरली, आणि आपण काय वापरतो आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

वेस्ता मनाचा चांगला. संध्याकाळी तो येऊन म्हणाला, "आमी काम करी देतस. जेवाले येवाव नही, बस."

"मी काय भिकारीन शे का?"

"मंग दाय-भात कर."

"दाय कोठून लयू? तूर तं पानीमा गयी." दिवालीबाई उठून उभी राहिली. "मना घरमा एक बोकड शे. तो पाला खाईसन मोठा जया. हाई दगडना वावरनी मले तोच दिधा."

रात्री ती रडली असेल, नसेल. सकाळी मात्र तिने पदर खोचला आणि पुन्हा घरोघर फिरली. या वेळी दिवस सांगायला नाही, कांबळी मागायला. ज्याने शपथ दिली त्यानेच ती परत घेतली तर कोणी खोटं ठरत नाही, हा तिचा मुद्दा होता. तो कोणाला खोडता येईना. पंचवीस कांबळी दुपारपर्यंत जमली. सव्विसावं वेस्ताच्या घरी राहणाऱ्या तिच्या सासूच्या अंगावर होतं, आणि म्हातारी ते सोडायला तयार नव्हती. दिवालीबाईने आपली गोधडी आणून तिच्या अंगावर घातली आणि कांबळं हळूच ओढून घेतलं. म्हातारीने तिला तोंडभरून शिव्या दिल्या. त्या तिने ऐकून घेतल्या.

वेस्ताला आणि आणखी दोघांना घेऊन ती गाडीने चोपड्याला गेली, तिथून एस.टी.ने जळगावला. टपावर गाठोडी चढवताना कंडक्टरने विचारलं, विकायला नेता का? ती म्हणाली, परत द्याले.

संस्थेच्या कचेरीत चिटणीस शालिग्रामभाऊ बसले होते. रावेरकडचे केळीवाले शेतकरी, घरचं बरं, स्वभावाने मऊ. त्यांना वाटलं कांबळ्यांना कसर लागली. गाठोडी पाहून ते म्हणाले, "बदलून देऊ, अक्का. बसा."

"बदलू नका. कांबळी ल्या, आन् आमनी शपथ परत द्या."

फुटलेला बांध, लाह, बोकड, हे सगळं शालिग्रामभाऊंना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते हसले. कुत्सित नव्हे, चांगल्या मनानेच हसले, आणि तेच वाईट झालं.

"एवढ्यासाठी इतक्या लांब आलात? अहो, तिकडे कोण बघायला येतं? एखादे दिवशी खाल्लं तर खाल्लं."

दिवालीबाईचा चेहरा असा झाला की वेस्ता दोन पावलं मागे सरकला.

"भाऊ, तुमी आमले खोटं बोलाले सांगतस," ती म्हणाली. "पानी हातमा दिधं तवय खरं व्हतं का नही?"

शालिग्रामभाऊ गोंधळले. ते म्हणाले, नावं वहीत चढली, अहवालात गेली, आता काढता यायची नाहीत. ती म्हणाली, वहीत राहू द्या, वहीचं आम्हाला काही नाही, आमच्या हातावरचं पाणी उतरवा. मग ते अहिंसेवर बोलले, बकऱ्या जंगल खातात त्यावर बोलले, हरभरा पेरावा, डाळ खावी असंही बोलले. दिवालीबाईने सगळं ऐकलं.

"तुमना वावरमा हीर शे, मोटर शे. तुमले हरभरा जमस. मना वावरमा दगड शे आन् पाला शे. पाला मानूस खात नही, बकरी खास. मंग आमी काय खावानं?"

तिने पुढे विचारलं, "तुमना बांध फुटना तं काय करतस?"

"मजूर लावतो."

"कोठला मजूर?"

केळीचे घड तोडायला मजुरांच्या टोळ्या दिवालीबाईच्याच डोंगराकडून यायच्या, वर्षानुवर्षं.

"त्या मानसं सांजले काय खातस, इचारं का कधी?"

त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. आणि हा माणूस खोटं बोलणाऱ्यातला नव्हता, म्हणून त्यांची मान खाली गेली. जेवणाची सुट्टी झाली, शिपायाने दार ओढून घेतलं. चौघं व्हरांड्यात बसून राहिली. तीन वाजता शालिग्रामभाऊ स्वतः तांब्या घेऊन बाहेर आले. त्यांनी आपल्या ओंजळीत पाणी घेतलं, सव्वीस घरांची शपथ मी परत घेतली असं सगळ्यांच्या देखत म्हटलं आणि पाणी पायरीवर सोडलं. कांबळी तरी घेऊन जा, असं त्यांनी खूप विनवलं. दिवालीबाईने एकही उचलू दिलं नाही.

आखाजीनंतरच्या चौथ्या दिवशी उजाडताच घरोघरची माणसं वावरात आली. बोकड कापला, चुली पेटल्या, बायकांनी भाकऱ्या थापायला घेतल्या. पुरुषांनी ओढ्यातून दगड वाहायला सुरुवात केली. दहाच्या सुमाराला पायवाटेने घामाघूम होऊन एकटे शालिग्रामभाऊ आले. जीप नाही, चित्रं नाहीत. दिवस वेस्ताकडून तेव्हाच विचारून घेतला होता, बांध बघायला आलो म्हणाले. थोडा वेळ उभे राहिले, मग सदऱ्याच्या बाह्या वर करून वाकले आणि एक दगड उचलला. शेतकऱ्याचाच हात तो, दगड कसा धरायचा ते त्यांना ठाऊक होतं.

दिवालीबाई चुलीवरून उठून आली.

"भाऊ, सांजले आमनासंगे जेवशात का?"

"ते मला जमायचं नाही, अक्का. पण काम करीन. दिवसभर करीन."

"नही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "जेवनबिगर काम करं तं ते दान व्हस. दान आमले नको."

शालिग्रामभाऊ दगड हातात धरून तसेच उभे राहिले. दिवालीबाई वाट पाहत राहिली. शेवटी त्यांनी तो खाली ठेवला आणि मोहाच्या झाडाच्या सावलीत जाऊन बसले. वेस्ताने येऊन तोच दगड उचलला आणि बांधात बसवला.

दिवस मावळायच्या आत बांध पुरा झाला.