एकदाही नाही

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. रोज सकाळी देवापुढे बसतो, पण तिथेही ते नीट शब्दांत कधी बोललो नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय—कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसांपुढे माझी जीभ फार छान चालते, हीच तर अडचण आहे.

मी मीरा रोडला राहतो, विम्याच्या कचेरीत कारकून आहे. दारू प्यायचो. त्या दिवसांचं वर्णन मी इतक्या वेळा रंगवून केलंय की आता माझा मलाच कंटाळा येतो. ती सुटली दोन गोष्टींमुळे. रोज सकाळचं पंधरा मिनिटं नामस्मरण, आणि भाईंदरच्या एका शाळेच्या वर्गात दर रविवारी भरणारी दारू सोडलेल्यांची सभा. हे सगळं खरं आहे, यात मी काही वाढवलेलं नाही.

सभेची रीत साधी. शेवटचा घोट घेतला त्या दिवसापासून मोजायचं. वर्ष भरलं की वाढदिवस—केक, मेणबत्ती, टाळ्या. मधे पाय घसरला तर उभं राहून सांगायचं आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करायची. कुणी रागावत नाही. उलट त्या दिवशी सगळे जास्तच जवळ घेतात.

मी घसरलो. दुसऱ्या वाढदिवसाला तीन आठवडे उरले होते. वरसाव्याला पुतण्याचं लग्न होतं. भर दुपारी, गाडीच्या डिकीमागे, दोन मेहुण्यांबरोबर—किती म्हणता? तीन पेग. का? कारण काहीच नव्हतं. दुःखसुद्धा नव्हतं. असतं तर सांगायला बरं पडलं असतं.

बायकोला वास आला. मला वाटलं, आता संपलं सगळं. घरी आल्यावर तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "आजचा दिवस गेला, उद्याचा अजून गेलेला नाही. सकाळी आंघोळ करा, देवापुढे बसा आणि रविवारी जाऊन सांगा." बस, एवढंच. रडली नाही, भांडली नाही. मला आयुष्यात इतकं धीराचं कुणी बोललेलं नाही. तिच्या त्या बोलण्यावर मी आजपर्यंत उभा आहे. त्यानंतर थेंबही घेतलेला नाही.

रविवारी सभेत उभा राहिलो. सगळे कौतुकाने बघत होते, वाढदिवसाला कुठला केक आणायचा यावर आधीच बोलणं झालं होतं. आणि मी—मी श्रद्धेवर बोललो. वीस मिनिटं. दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी जाऊन बायकोला म्हणालो, "सांगितलं. सगळ्यांनी समजून घेतलं." तिने देवापुढे साखर ठेवली.

तीन आठवड्यांनी मी केक कापला. घरी न्यायला दिलेला तुकडा आमच्या वॉचमनला देऊन टाकला.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? मीही स्वतःला वर्षभर हेच म्हणत होतो. कुणाचं काय बिघडलं? मग पास्कल आला.

पास्कल उत्तनजवळच्या पाली गावचा. बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. शेवटच्या बाकावर बसायचा, बोटांना डिझेलचा वास. मी बोलायला लागलो की खिशातून छोटी वही काढून लिहून घ्यायचा. माझी वाक्यं! त्या वहीसाठी मी शनिवारपासूनच वाक्यं जुळवायला लागलो, हेही सांगून टाकतो. तो चर्चला जाणारा, मी नाम घेणारा—त्याला त्याचं काही नव्हतं. माझं बोलणं ऐकलं की आठवडा निघतो, असं तो चारचौघांत सांगायचा. सहा महिने निघाले. त्याची बायको रेजिना एकदा सुके बोंबील घेऊन आमच्या घरी आली आणि तिने माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. मी हात सोडवून घेतले—पण जरा उशिरानेच.

नाताळानंतर एका दुपारी पास्कल आमच्या इमारतीच्या गेटपाशी उभा होता. भावाच्या घरी नाताळाला प्यायला होता. सभेत यायची त्याला लाज वाटत होती. चपलेकडे बघतच त्याने विचारलं—

"भाऊ, येक विचारू? सोडल्यावर तुमी कवा परत घेतली का? येकदा तरी?"

त्याला काय हवं होतं, कळतंय ना? मलाही त्याच क्षणी कळलं होतं. एक 'हो' हवा होता. बायकोने मला जे फुकट दिलं होतं, तेच मला पुढे द्यायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेसुद्धा. पण त्याच्या खिशातून ती वही डोकावत होती. मी म्हणालो, "नाही. एकदाही नाही."

इथे थांबलो असतो तर निदान—पण थांबलो नाही, तेच तर सांगायचंय. पुढे म्हणालो, "श्रद्धा पक्की असली की पाय घसरत नाही, पास्कल."

स्वतःचं झाकण्यासाठी मी त्याच्या पिण्याचं खापर त्याच्या देवावरच्या विश्वासावर फोडलं. त्याने वाद घातला नाही. "मंग माजीच कमी हाय," एवढं म्हणाला आणि शेअर रिक्षाच्या रांगेकडे चालायला लागला. त्यानंतर तो सभेला आला नाही.

आता दीड वर्ष झालं. त्याचे हात थरथरतात, इंजिनाला कुणी हात लावू देत नाही. चर्चलाही जात नाही म्हणे. रेजिना मासळी विकून घर चालवते. मी एकदा त्याला भेटायला निघालो होतो. उत्तनच्या नाक्यावर उतरलो, सरबत प्यालो आणि पुढच्या बसने परत आलो.

रेजिना मात्र दर रविवारी सभेला येते. शेवटच्या बाकावर बसून माझं बोलणं ऐकते आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगते. गेल्या महिन्यात माझा पाचवा वाढदिवस झाला—खरा मोजला तर तिसरा. केक कापून झाला, सगळे चहाकडे वळले, तेव्हा तिने मला बाजूला बोलावलं.

"भाऊ, त्याला सांगू का, तुमी पन येकदा पडले व्हते म्हनून? खोटं हाय, मला म्हाईत हाय. पन त्याला वाटतं, तो येकलाच पडला. ह्ये आयकलं तर येल तो परत. देव मला माफ करंल."

माझ्या हातात केकची प्लेट होती. नुसतं 'सांग' म्हणायचं होतं. तिला ते खोटंच वाटलं असतं, माझी अब्रूही शाबूत राहिली असती, आणि पास्कलला जे हवं होतं ते मिळालं असतं. यापेक्षा सोपं काय असतं?

मी म्हणालो, "नको रेजिना. देवाच्या कामात खोटं नको."

तिने जीभ चावली, दोन्ही कान पकडले आणि माझी माफी मागितली.