लाल दिव्याचे दाजी

ज्या गोष्टीची पातळी मोजता येत नाही ती गोष्ट जगात नाहीच, असं मानणारा मी पाहिलेला एकमेव माणूस माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. दाजींनी अख्खी नोकरी तापीच्या काठावर, नदीचं पाणी किती चढलं नि किती उतरलं हे लिहिण्यात काढली. निवृत्त झाल्यावर नदी सुटली, मोजणं सुटलं नाही. ताईने चहा पुढे केला की कपात बघून म्हणायचे, "आज अर्धा बोट खाली शे." पाहुणा दारातून बाहेर पडला की किती मिनिटं बसला ते सांगायचे, आणि तेही पाहुण्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

असा माणूस एके दिवशी नंदुरबारहून साबणाच्या डबीएवढा पांढरा हब घेऊन आला. घरातले दिवे, टाकी, दारं सगळी म्हणे या डबीशी बोलणार. पण सारंगखेड्याजवळच्या त्यांच्या घराच्या भिंती हातभर जाड. डबी ठेवावी तिथे तिचा आवाज पलीकडच्या खोलीत पोचेना. तीन दिवस दाजी ती छातीशी धरून घरभर फिरले. शेवटी जागा सापडली ती स्वयंपाकघराच्या आढ्याला टांगलेल्या शिंक्यात. तिथलं दूध खाली आलं, डबी वर गेली, आणि मांजर चार दिवस वर बघत बसलं.

हुकूम मात्र तोंडी द्यायचे. दाजी जन्मभर अहिराणी बोलले. यंत्राला ती कळेना. मग ते ताठ उभं राहून, सरकारी अर्ज वाचावा तसं म्हणत, "कृपया ओसरीवरील दिवा प्रज्वलित करण्यात यावा." यंत्र म्हणे, "माफ करा, मला समजलं नाही." यंत्र साहेबासारखं बोलतं म्हणून दाजी खूश! "देखं? साहेबना मायक बोलस!" तोवर ताईने बटण दाबलेलं असे.

टाकी भरली की असा भोंगा वाजे की गल्लीतल्या सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी बंद होत. एकदा सारंगखेड्याच्या यात्रेत दाजी एका घोड्याचे दात बघत असताना फोन ओरडला, 'मागचे दार उघडले.' घोड्याचं तोंड तसंच सोडून ते धापा टाकत घरी आले, तर शेजारची शेळी मेथी खात होती. सगळ्यात मोठी गंमत म्हणजे स्वयंपाकघरातला दिवा. कुणी बेल दाबली की हिरवा, टाकी भरली की निळा, आणि स्वतः दाजी अंगणात शिरले की लाल! गाव म्हणायचं, "दाजी मंत्री व्हयी गयात." सगळ्यात मोठ्याने मी हसायचो.

गेल्या हिवाळ्यात दोन दिवस त्यांच्याकडे राहिलो. ताई चुलीपुढे भाकरी थापत होती, पाठ दाराकडे. बेल वाजली. मी ऐकली, तिने ऐकली नाही. मग दिवा हिरवा झाला, तशी ती हात पुसत उठली. "कोनीतरी ऊनं वाटतं." मी तिच्याकडे बघतच राहिलो.

संध्याकाळी केळीच्या बागेत दाजींना विचारलं. ते पानाची शीर चाचपत म्हणाले, "तिले कमी ऐकू येस. दोन सालपासून. म्हनस, तुम्हीनच हयू बोलतस. एक दिन मी मांगतून गयू, ती दचकनी, तापेल दूध पायवर पडनं." पान सोडून म्हणाले, "तिले काही सांगजो नको. माले येडा म्हनतस ते चाली."

पुढे हसताना माझा आवाज निघेना.

होळीनंतर ताई एकटीच नंदुरबारला माझ्या दारात उभी. "माले कानना डॉक्टरकडे लई चाल. त्यास्ले सांगू नको." मी म्हणालो, "तो दिवा तुझ्यासाठी आहे हे तुला कसं कळलं?" ती म्हणाली, "कान गयात, डोया नही गयात. सारा गाव त्यास्ले हासस. कितला दिन हासू देऊ?"

कानाचं यंत्र बसवून मीच तिला घरी सोडायला गेलो. दाजी बागेत होते. ताई नेहमीसारखी चुलीपुढे बसली. थोड्या वेळाने दिवा लाल झाला. ताईने वर पाहिलंच नाही. भाकरी उलटवत म्हणाली, "चप्पल घसडत चालतस तुम्ही. फाटी जाई."

दाजी उंबऱ्यात थांबले. एक पाय आत, एक बाहेर. तिच्या कानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मोजायला काहीच सापडेना बहुधा, म्हणून डोळे पुसले. जरा वेळाने गुपचूप स्टूल आणलं आणि दिवा काढायला वर चढू लागले.

"उतरा," ताई म्हणाली. "दिवा ऱ्हावू द्या तठेच."

"आते काय काम त्यानं?"

"माले आवडस."

दाजी दिव्यावरची काजळी धोतराच्या सोग्याने पुसू लागले. स्टूल डुगडुगत होतं, म्हणून ताई उठली नि पिठाच्या हातांनीच ते धरून उभी राहिली. "सावकाश," ती म्हणाली. "ऐकू येस माले," दाजी म्हणाले, आणि दोघंही हसत सुटले.

माझी बस निघून गेली होती. घरी कुणी वाट पाहणारं नव्हतं. मी ताटात आणखी एक भाकरी घेतली.