साहेबाचा काटा आणि केळीची थंडी

इंग्रजी वाचता येणारी सून म्हणून मी सासरच्या केळीची वाट लावली, हे आता नातवंडांसमोर कबूल करायला हरकत नाही.

देश स्वतंत्र झाल्यावर मायदेशी परतलेल्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावातून सासऱ्यांनी हवेचा दाब दाखवणारं घड्याळासारखं यंत्र आणलं होतं. त्यावरची अक्षरं घरात एकट्या मलाच लागत. धुळ्याच्या देवपूरची मॅट्रिक ना मी! डोक्यावरचा पदर सावरत, नाक वर करून रोज काटा वाचायचे. एवढाच काय तो मान. बाकी दिवसभर चूल, गोठा, परसातली विहीर. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं तेही सासूबाईंच्या मागून.

पहिल्या संक्रांतीला माहेरी जायचं ठरलं. भाऊ न्यायला आला, ट्रंक भरली. नेमके त्याच दिवशी ढग पांगले, उत्तरेचा बोचरा वारा सुटला आणि दुपारनंतर एकदम पडला. थंडी वाढणार असली की बागेत ओल्या पाचोळ्याचा धूर करत. मग गाडी-बैल पाचोळ्याला, घरच्या बायकाही पाचोळ्याला. म्हणजे माझं जाणं बोंबललंच.

दिवेलागणीला सासऱ्यांनी विचारलं, "सूनबाई, काटा काय म्हनतो?"

काटा कधी नव्हे इतका चढलेला. समोर लिहिलेलं, हवा छान.

"हवा एकदम छान आहे, मामंजी. धूर कशाला?"

"हिची हवा माहेरच्या वाटेवर हाये," सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या. पण सासऱ्यांनी शिकलेल्या सुनेचं ऐकलं.

काटा खोटं बोलला नव्हता. दाब वाढला की आभाळ स्वच्छ होतं, वारा थांबतो. उत्तरेकडून आलेली गार, जड हवा जमिनीवर बसून राहते, आणि वर ढगाचं पांघरूण नसल्यानं मातीची ऊब रात्रभर निघून जाते. साहेबाला ती हवा फिरायला छान. केळीला नव्हे. ही अक्कल मला फार उशिरा आली.

सकाळी पानं उकडल्यासारखी काळवंडून लोंबत होती. निसवायला, म्हणजे घड बाहेर टाकायला आलेल्या झाडांचे घड पुढे बुंध्याच्या गळ्यातच अडकले. भाऊ एकटाच धुळ्याला गेला. ट्रंक माळ्यावर चढली, मी पाचोळ्यात.

सासरे ओरडले नाहीत. बांधावर उभे राहून एवढंच म्हणाले, "चूक मही हाये, सूनबाई. मी तुले आभाळ इचारलं, थंडी नाई इचारली. आता बाग सावरेपर्यंत तूबी इथंच, अन् तुहा काटाबी इथंच."